गाडी किती लेट?



माझी छत्तीस वर्षं रेल्वेत गेली, त्यातली बरीचशी स्टेशन मास्तर म्हणून. वडीलही रेल्वेतच, गार्ड होते. आमचं बालपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. घरात कुणीही बाहेरून आलं, मग ते शाळेतून असो की बाजारातून, आणि उशीर झालेला असला, की वडील पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, ‘गाडी किती लेट?’ उत्तर मिनिटांत द्यावं लागायचं आणि सोबत कारणही सांगावं लागायचं. कारण पटलं की विषय संपला. मग जेवायला बसायचं.

आज मी आपल्याला ज्या प्रवासाविषयी सांगणार आहे, त्यात माझी गाडी पाच तास लेट झाली होती. पण त्याच्या आधी तेवीस वर्षं मी माझ्या थोरल्या भावाला लेट ठरवून ठेवलं होतं, आणि त्याचं कारण ऐकूनच घेतलं नव्हतं. म्हणून आधी ते सांगतो.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. सिव्हिल इंजिनिअर झाला आणि १९६९ साली अमेरिकेला गेला. अमेरिकेने १९६५ साली आपला इमिग्रेशनचा कायदा बदलला, देशांच्या जुन्या कोट्यांची पद्धत मोडीत काढली. त्यानंतर आपल्याकडचे इंजिनिअर-डॉक्टर तिकडे जाऊ लागले, त्यातलाच तो एक. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो शहरात त्याने घर केलं. मी कर्जत-लोणावळ्याच्या घाटाजवळच राहिलो. आई माझ्याकडे होती.

१९८७ च्या डिसेंबरात आईचं दुखणं विकोपाला गेलं. दादाला कळवलं. तो म्हणाला, ‘निघालो.’ दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, ‘शिकागोत अडकलोय. बर्फ पडतोय, विमानं बंद आहेत.’ त्याच रात्री आई गेली. पुढचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. अग्नी मी दिला. थांबणं शक्यच नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी काही म्हणालंही नसतं. पण फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, ‘झालं सगळं. आता येऊन काय करणार?’

दादा शिकागोहूनच मागे फिरला. दिवसांनाही आला नाही. पुढे त्याने आईच्या औषधपाण्याच्या खर्चाचा ड्राफ्ट पाठवला, तो मी परत केला. आणि भेटेल त्याला सांगत राहिलो, ‘बर्फ म्हणे! आमच्या घाटात दरड कोसळते, रूळ वाहून जातात, तरी आम्ही लाइन चालू करतो. यांचं आपलं चार बोटं बर्फ पडलं की आयुष्य थांबतं.’ मी तोपर्यंत बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर.

२०११ च्या जानेवारीत मी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. नात झाली होती. महिनाअखेरीस वहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, यांना परवा अर्धांगाचा झटका आला. बोलणं कळत नाही नीट. पण तुमचं नाव घेतात असं वाटतं. जमलं तर या.’ वहिनी फार बोलणाऱ्या नव्हेत. ‘जमलं तर’ म्हणजे काय ते मला कळलं.

जावयाने तिकीट काढून दिलं. नेवार्कहून शिकागो, तिथे विमान बदलून सॅक्रामेंटो. मुलीने पिशवीत धपाटे, लसणीची चटणी आणि तिळाच्या वड्या भरून दिल्या. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमी व्हायची होती. म्हणाली, ‘बाबा, काकांना तिळगूळ द्या.’ मी काही बोललो नाही.

खिडकीशी जागा मिळाली होती. खाली पाहतो तो पांढऱ्या कागदावर पट्टीने आखावेत तसे चौकोन. अमेरिकेने १७८५ साली पश्चिमेकडची जमीन मोजून विकायची ठरवली, तेव्हा एकेक मैलाचे चौरस पाडले. त्या चौरसांच्या कडेने पुढे रस्ते झाले. उन्हाळ्यात पिकांमुळे ते वेगळे दिसत असतील. त्या दिवशी मात्र सगळं बर्फाखाली होतं आणि रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

शिकागोला सकाळी उतरलो. माझं पुढचं विमान दुपारचं. फलकावर पाहिलं तर एकेका ओळीपुढे ‘रद्द’ लागत चाललं होतं. बाहेर तर अजून काहीच नव्हतं. मला वाटलं, हे यांचं नेहमीचं! दुपारी बर्फ सुरू झालं. संध्याकाळपर्यंत काचेपलीकडचं विमान दिसेनासं झालं. रात्री ढग गडगडले आणि बर्फ पडत असताना विजा चमकल्या. शेजारचा माणूस जन्मापासून शिकागोत राहिलेला होता, तोही उठून काचेपाशी गेला.

१ आणि २ फेब्रुवारी २०११ ची ती हिमवादळाची रात्र शिकागोच्या लोकांच्या अजून लक्षात आहे. विमानतळावर २१ इंचांहून अधिक बर्फ मोजलं गेलं. शहराच्या नोंदींत तिसऱ्या क्रमांकाचं. तळ्याकाठच्या मोठ्या रस्त्यावर शेकडो मोटारी रात्रभर अडकल्या. लोक मोटारी सोडून चालत निघाले, आणि सकाळी त्या मोटारींचे टप तेवढे दिसत होते.

विमानतळावर आम्हाला झोपायला घडीच्या खाटा दिल्या. मी खाटेवर बसून धपाटा खाल्ला आणि पहिल्यांदा विचार केला, की १९८७ साली दादा इथेच कुठेतरी बसला असेल. त्याला खाट मिळाली होती की नाही, कोण जाणे. सार्वजनिक फोनसमोर रांगेत उभा राहून, खिशातली नाणी मोजून त्याने फोन लावला असेल. आणि पलीकडून मी म्हणालो होतो, ‘आता येऊन काय करणार?’ रात्रभर मला झोप लागली नाही. खाट काही वाईट नव्हती.

दोन रात्री अशा काढल्या. वहिनींना फोन करत होतो. ‘कालच्यासारखेच आहेत,’ एवढंच उत्तर. तिसऱ्या दिवशी विमानं सुटू लागली, पण अडकलेली माणसं हजारो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुम्हाला जागा रविवारी मिळेल. तो गुरुवार होता. मी तसाच उभा राहिलो. शेजारी फरशी पुसणारा एक म्हातारा कामगार होता, तो म्हणाला, ‘घाई असेल तर आगगाडीने जा. दुपारी सुटते.’ छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला हे विमानतळ झाडणाऱ्याने सांगावं लागलं!

विमानतळावरून शहरात निळ्या मार्गाची लोकल जाते. तिथून दोन-तीन चौक चालत युनियन स्टेशन. फुटपाथवर दोन्ही बाजूंना कमरेएवढे बर्फाचे ढीग आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. वाऱ्याने कान दुखत होते. पण स्टेशनात पाऊल टाकलं आणि बरं वाटलं. १९२५ साली उघडलेलं हे स्टेशन. उंच खांब, वरून काचेच्या छतातून येणारा उजेड आणि खाली लाकडी बाकं. लाकडी बाक पाहिलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.

गाडीचं नाव ‘कॅलिफोर्निया झेफर’. झेफर म्हणजे पश्चिमेचा मंद वारा. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत ३,९०० किलोमीटरहून थोडं अधिक अंतर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. दोन रात्री, एक्कावन्न तासांच्या वर. आणि एवढ्या मोठ्या मार्गावर दिवसाला ही एकच गाडी! एके काळी अमेरिकेत प्रवासी गाड्यांचं जाळं होतं. मोटारी आल्या, महामार्ग झाले, विमानं आली, आणि खाजगी कंपन्यांना प्रवासी गाड्या परवडेनाशा झाल्या. शेवटी सरकारच्या पुढाकाराने ‘ॲमट्रॅक’ ही संस्था निघाली आणि १ मे १९७१ पासून तिने उरल्यासुरल्या गाड्या चालवायला घेतल्या. रूळ मात्र बहुतेक ठिकाणी मालगाड्यांच्या कंपन्यांचेच राहिले. आपल्याकडे रूळ, गाडी, स्टेशन, सगळं एकाच घरातलं. तिथे गाडी एकाची आणि वाट दुसऱ्याची.

रुळांची रुंदी आपल्यापेक्षा कमी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, त्यांचा १,४३५ चा. पण डबे दुमजली! मी वरच्या मजल्यावर, साध्या बसायच्या डब्यात. पाय पसरता येतील एवढी ऐसपैस खुर्ची. झोपायच्या खोलीचे पैसे ऐकून मी ती विचारलीच नव्हती. दुपारी दोनला गाडी सुटली. वेळेवर. मी घड्याळ पाहिलं. सवय जात नाही.

संध्याकाळी बर्लिंग्टनपाशी मिसिसिपी नदी ओलांडली. भूगोलाच्या पुस्तकात जिचं नाव पाठ केलं होतं ती नदी काठाकाठाने गोठलेली होती. सूर्य मावळत होता आणि बर्फ गुलाबी झालं होतं.

जेवणाच्या डब्यात एक पद्धत होती. चार खुर्च्यांच्या टेबलावर अनोळखी माणसांना एकत्र बसवत. माझ्यासमोर एक वृद्ध जोडपं आलं. पुरुषाला दाढी, पण मिशी नाही. अंगात काळा कोट. बाईंच्या डोक्याला पांढरी टोपी. ते आमिश पंथाचे होते. या पंथाची माणसं मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात, घरात विजेची जोडणी घेत नाहीत. विमानात बसत नाहीत, आगगाडीत बसतात. त्यामुळे या गाड्यांत ती हमखास भेटतात. आपसात ती जर्मनसारखी एक बोली बोलतात.

ते डेन्व्हरला चालले होते, नातवाच्या ऑपरेशनला. मी म्हणालो, मी भावाला भेटायला चाललोय, त्याची प्रकृती बरी नाही. आजोबांनी विचारलं, ‘थोरला की धाकटा?’ मी म्हणालो, थोरला. ‘शेवटचं कधी भेटलात?’ मी म्हणालो, १९८५ मध्ये. त्यांनी हिशेब केला असावा, पण काही बोलले नाहीत. मग मला राहवेना. परक्या देशात, परक्या भाषेत, पुन्हा कधी न भेटणाऱ्या माणसाला मी आईचं, फोनचं, ड्राफ्टचं सगळं सांगितलं. घरी बायकोलाही मी ते असं सरळ कधी सांगितलं नव्हतं. आजोबा ऐकत होते. शेवटी बाईंनी विचारलं, ‘मग त्या वेळी बर्फ खरंच पडलं होतं का?’

मी म्हणालो, ‘हो. खरंच पडलं होतं.’

मी त्यांना तिळाची वडी दिली. गोड बोला म्हणून देतात, हे सांगितलं. आजोबांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि अर्धी बाईंना दिली.

रात्री ओमाहा गेलं, लिंकन गेलं. नेब्रास्काच्या सपाटीवर कधीतरी माझी झोप मोडली. गाडी उभी होती. रेल्वेतल्या माणसाला गाडी चालू असताना झोप लागते आणि थांबली की जाग येते. बाहेर अंधार. अमावास्येच्या आसपासची रात्र. आकाशात इतके तारे मी पूर्वी फक्त लहानपणी पाहिले होते. थोड्या वेळाने कंडक्टर सांगत आला, पुढे रूळ तडकलाय, दुरुस्तीची माणसं निघाली आहेत.

माझ्या शेजारचा तरुण वैतागला. त्याला कळेना, रूळ तडकतो कसा! मी त्याला समजावलं. लांबच लांब जोडलेला पोलादी रूळ थंडीत आकसतो. दोन्ही टोकांना तो बांधलेला असतो, म्हणून ताण वाढतो, आणि जिथे कमजोर जागा असेल तिथे तुटतो. आपल्याकडेही हिवाळ्याच्या रात्री गँगमन हातात कंदील घेऊन रुळांवरून गस्त घालतात, ते याचसाठी. आणि कळतं कसं? रुळांतून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. रूळ तुटला की प्रवाह तुटतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. म्हणजे आपण आत्ता उभे आहोत, म्हणूनच सुखरूप आहोत.

हे सगळं मी त्याला अगदी शांतपणे सांगितलं. आणि सांगून झाल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. कारण तिकडे दादा होता. उशिराचं कारण कितीही खरं असलं, तरी ज्याला पोचायचं असतं त्याला त्या कारणाचा काही उपयोग नसतो. दादाने शिकागोत हेच भोगलं असणार. आणि मी त्याला कारणासाठीही माफ केलं नव्हतं आणि त्याच्या भोगण्यासाठीही नाही. चार तास गाडी तिथे उभी होती. सहानंतर पूर्वेला उजाडायला लागलं आणि गाडी हळूच हलली.

डेन्व्हरला आमिश आजी-आजोबा उतरले. आजोबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘ते वाट पाहत असतील.’

डेन्व्हर सोडलं की रॉकी पर्वताचा घाट लागतो. एका मोठ्या वळणावर रुळांच्या कडेने जुन्या मालडब्यांची रांग उभी आहे. वाळूने भरून रुळांना कायमचे जखडलेले डबे. तिथला वारा इतका जबर, की गाड्या उलटू नयेत म्हणून हा आडोसा केला आहे. पुढे एकामागून एक बोगदे. शेवटी मॉफॅट बोगदा, सुमारे दहा किलोमीटर लांब, ९,२०० फुटांवर. आपल्या कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. मॉफॅट १९२८ साली खुला झाला. त्याआधी गाड्या साडेअकरा हजार फुटांवरची खिंड चढून जात आणि हिवाळ्यात बर्फात अडकून पडत. बोगद्यात शिरण्यापूर्वी घोषणा झाली, एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका, दारं उघडली की डिझेलचा धूर आत येतो. बोगद्याच्या पूर्वेच्या तोंडाला मोठं दार आहे. गाडी गेली की ते बंद करून प्रचंड पंख्यांनी आतला धूर हुसकून लावतात.

दहाएक मिनिटं काळोख आणि मग डोळे दिपवणारा पांढरा उजेड. बोगद्याच्या अलीकडचं पाणी शेवटी अटलांटिकला जातं, पलीकडचं पॅसिफिककडे. आम्हा कर्जतकरांना यात नवल नाही. आमच्या उल्हास नदीचं पाणी अरबी समुद्राला जातं, आणि डोंगरापलीकडे भीमाशंकरला उगवलेली भीमा थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. डोंगर एकच, पाऊसही एकच.

पुढे कितीतरी तास कोलोरॅडो नदीची सोबत होती. नदी अर्धी गोठलेली, मधून काळं पाणी वाहतंय. दोन्हीकडे उभे कडे. काचेच्या छताच्या डब्यात सगळे येऊन बसले होते. एका वठलेल्या झाडावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसलेला दिसला, तेव्हा लहान मुलांइतकेच मोठेही ओरडले. मीही ओरडलो असेन. चिंता मनात असली तरी डोळे आपलं काम करतच राहतात.

प्रत्येक टप्प्यावर घड्याळ एकेक तास मागे घ्यावं लागत होतं. अमेरिकेतले हे वेळेचे पट्टे मुळात रेल्वे कंपन्यांनी ठरवले, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी. त्याआधी प्रत्येक गावाची वेळ वेगळी. न्यू जर्सीहून निघाल्यापासून मला तीन तास असे जास्तीचे मिळाले. वहिनींच्या घड्याळात मात्र ते नव्हते.

दुसरी रात्र युटात गेली. सकाळी नेवाडाचं वाळवंट, त्यावरही पातळ बर्फ. रेनोला दीड वाजला. गाडी पाच तास लेट. वहिनींना फोन लावला. म्हणाल्या, ‘सकाळी डोळे उघडले होते. तुम्ही गाडीने येताय हे सांगितलं त्यांना. हसल्यासारखे वाटले.’

आता शेवटचा घाट, सिएरा नेवाडा. या डोंगराचा इतिहास बर्फाचाच आहे. १८४६ साली बैलगाड्यांनी कॅलिफोर्नियाला निघालेला एक तांडा इथल्या तळ्याकाठी अडकला. सुमारे ऐंशी माणसं. त्यातली जवळजवळ निम्मी दगावली. तळ्याला आणि खिंडीला आज त्यांचंच नाव आहे, डॉनर. गाडीतून ते तळं खाली दिसतं, निळंशार. जानेवारी १९५२ मध्ये याच घाटात एक प्रवासी गाडी सव्वादोनशेच्या आसपास माणसांसह बर्फात रुतली. तीन दिवस माणसं तिच्यात अडकून पडली. प्रवासी सगळे वाचले. बर्फ काढणाऱ्या इंजिनाचा एक चालक मात्र हिमलोटात गेला.

आणि हा मार्ग बांधला कुणी? मुख्यतः चिनी मजुरांनी. दहा हजारांहून अधिक चिनी माणसं इथे राबली. ग्रॅनाइटचा डोंगर हाताने आणि सुरुंगाने फोडून त्यांनी १,६५९ फुटांचा बोगदा काढला. १८६६-६७ च्या हिवाळ्यात तर ती बर्फाखाली भुयारं खणून त्यातून कामावर येत-जात. किती मेली, याची धड नोंदही नाही. कामाची सुरुवात सॅक्रामेंटोला झाली १८६३ साली. आपला बोरघाट ज्या वर्षी गाडीला खुला झाला त्याच वर्षी. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, तिथला ४५ ला १. आपला घाट अधिक उभा, पण चढ तासाभरात संपतो. तिथे खिंड सुमारे ७,००० फुटांवर आणि उतार शंभर किलोमीटरहून लांब. आपल्या घाटातही हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठे आहेत?

मी आयुष्यभर घाटाच्या पायथ्याशी नोकरी केली आणि ‘लाइन आम्ही चालू ठेवली’ म्हणून मिरवलो. बर्फापासून बचावासाठी रुळांवर बांधलेल्या लांबलचक छपरांतून गाडी चालली होती आणि मी मनात म्हणत होतो, बाबा रे, चार बोटं बर्फ म्हणालास ते हे!

उतार लागला. ब्रेकचा ओळखीचा जळका वास आला. हळूहळू बर्फ संपलं, पाइन वृक्ष संपले, हिरवं गवत दिसू लागलं आणि अंधार पडला. साडेसातच्या सुमारास सॅक्रामेंटो आलं. पुतण्या न्यायला आला होता. मी त्याला लहानपणी पाहिलेला. आता त्याचेच केस पांढरे व्हायला लागले होते. म्हणाला, ‘काका, चला, अजून भेटू देतील.’

हॉस्पिटलच्या खोलीत दादा उशांना टेकून होता. उजवा हात निर्जीव, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला वाटलं होतं, ओळखेल की नाही. मी पलंगाजवळ गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग ओठ हलले. पहिल्यांदा कळलं नाही. वहिनी पुढे वाकल्या, त्यांनाही कळलं नाही. दुसऱ्यांदा बोलला तेव्हा मला कळलं.

‘किती लेट?’

मी म्हणालो, ‘पाच तास.’

‘का?’

‘बर्फ होतं, दादा. आधी शिकागोत दोन दिवस. मग थंडीने रूळ तडकला.’

त्याने मान हलवली. वडील हलवायचे तशी. कारण पटल्याची.

मग मी जे बोलायचं ते बोललो. ‘दादा, त्या वेळी तू खरं सांगत होतास. चूक माझी होती.’ त्याने डोळे मिटले. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी पिशवीतून तिळाची वडी काढली. वहिनी हळूच म्हणाल्या, ‘त्यांना गिळता येत नाही भाऊजी.’ मग मी ती त्याच्या मुठीत ठेवली. दुसऱ्या दिवशी नर्सने उशीखालचे तीळ झटकले.

मी तीन आठवडे तिथे राहिलो. रोज जाऊन बसत होतो. जुन्या गाड्यांची नावं घ्यायचो, क्वार्टर्समधल्या लोकांची नावं घ्यायचो. तो कधी हसे, कधी झोपून जाई. एवढं तेवीस वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. मार्चअखेर मी भारतात परतलो.

मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. दादा गेला होता. पुतण्या म्हणाला, ‘काका, तुमच्यासाठी थांबू का?’ मी म्हणालो, ‘थांबू नका. पण मी येतोय.’

तिकीट मिळून पोचायला पाचवा दिवस उजाडला. सगळं झालं होतं. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, ‘आलात, बरं झालं.’

श्रोतेहो, आज मी ऐंशीच्या घरात आहे. ती गाडी अजून धावते, तशीच दोन रात्री घेऊन. १९८७ सालच्या त्या फोनवर मी काय बोलायला हवं होतं, हे मला कळायला ती सगळी वाट तुडवावी लागली. ‘आम्ही थांबू शकत नाही, दादा. पण तू ये.’ एवढंच बोलायचं होतं. उशिरा येणाऱ्याला येऊ तरी द्यावं. कारण काय ते मग जेवताना विचारता येतं.